द्वारकामावशीचं नाक

दसऱ्याला कर्जतच्या बाजारात झेंडूचे ढीग लागले की लोकांना सण आल्यासारखं वाटतं. मला थर्माकोल जळल्याचा वास येतो. हा रोग मला द्वारकामावशीने लावला. थर्माकोल पेटवून विझवला की येणारा धूर थेट झेंडूच्या वळणावर जातो, आणि हे ज्याला एकदा कळलं त्याचा झेंडू कायमचा गेला. मावशीचा तर केव्हाच गेला होता. दसऱ्याला ती दाराला नुसती आंब्याची पानं बांधायची आणि कुणी विचारलंच तर सांगायची, "फुलं नको गं बाय. दिसभर तेच हुंगते, घरी बी तेच कशाला?"

खालापूरच्या अलीकडे, हमरस्त्यापासून थोडा आत, प्लास्टिकच्या बाटल्यांचा चुरा करून त्याचा दाणा पाडणारा कारखाना होता. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाल्यावर मी तिथल्या लॅबमध्ये चिकटले. लॅब म्हणजे एक ओव्हन, एक तराजू, चार चंचुपात्रं आणि एक खुर्ची. घरी आई आल्यागेल्याला कौतुकाने सांगायची, "मुलगी पर्यावरणाचं काम करते." पर्यावरणाचं काम करून संध्याकाळी घरी आले की हीच आई मला पुढच्या दारातून आत घ्यायची नाही. मागच्या बाजूने थेट न्हाणीत, आणि कपडे बाहेरच्या बादलीत.

टाकलेली बाटली रिकामी असते, असा एक गोड गैरसमज जगात आहे. आमच्याकडे गठ्ठ्यांतून जे यायचं ते सांगितलं तर तुमचं जेवण जाईल, पण सांगतेच. गुटख्याच्या पिचकाऱ्यांनी गळ्यापर्यंत भरलेल्या बाटल्या. सिगारेटची थोटकं पाण्यात फुगलेली. आत शिरून मेलेल्या पाली. नासलेलं दूध, ज्याचं झाकण उघडलं की अख्ख्या शेडमधल्या बाया शिव्या घालायच्या. सोमवारी कर्जतकडच्या फार्महाऊसांचा माल यायचा, त्यात कोंबडीची हाडं आणि पोरांचे लंगोट बाटल्यांच्या बरोबरीने. आणि सगळ्यात वाईट, द्रुतगती मार्गाच्या कडेने गोळा केलेला माल. मुंबईहून पुण्याला निघालेल्या माणसाला फार घाई असते. तो गाडी थांबवत नाही. तो आहे तिथेच, हातातल्या बाटलीत उरकतो, झाकण घट्ट लावतो आणि टोलनाका यायच्या आत काच खाली करून बाटली फेकतो. झाकण मात्र आठवणीने लावतो, ही त्याची स्वच्छता. त्या बाटल्यांना आमच्याकडे 'पिवळ्या' म्हणत. त्या एकेक उघडून ओताव्या लागायच्या, आणि ते काम बाया तासातासाने बदलून करत, कारण त्याहून जास्त वेळ कुणाला उभं राहवत नसे.

मावशीचं यावर एक ठरलेलं बोलणं होतं. "गरिबाची बाटली रिकामी येते बघ. तो आदी तीत तेल भरतो, मंग फिनेल भरतो, मंग तीच घेऊन परसाकडं जातो. फुटली की मंगच टाकतो. ज्याला काय कमी नाय ना, त्याचीच बाटली भरून येते."

मावशी पन्नाशीची असेल. माहेर कशेळ्याकडचं, सासर कारखान्यापासून चालत जायच्या अंतरावर. काळीसावळी, काटक, नऊवारी कासोटा घट्ट मारलेला आणि वर कंपनीचा निळा डगला. पण माणसाच्या लक्षात राहायचं ते तिचं नाक. तसं बेताचंच होतं, चपटं, त्यावर जुनी चमकी. त्या नाकाने तिला टाकीतून वर काढून स्टुलावर बसवलं होतं.

हे टाकीचं आणि स्टुलाचं सांगायला हवं. बाटल्यांचा चुरा झाला की तो टाकीत, कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात धुतात. झाकणांचा चुरा हलका, तो वर तरंगतो. बाटलीचा जड, तो तळाशी बसतो. इथवर काम पाणीच करतं. पण केकचे पारदर्शक डबे, खेळण्यांची आवरणं, गोळ्यांची पाकिटं यांत एक दुसरं प्लास्टिक असतं, पीव्हीसी. ते दिसायला बाटलीसारखंच आणि पाण्यात बुडतंही तसंच. ते चुकून पुढे वितळवायच्या मशीनमध्ये गेलं तर करपतं, त्याचा ॲसिडचा धूर होतो, आणि चांगला मालही तपकिरी होऊन फुकट जातो. म्हणून चुरा करायच्या आधीच, सरकत्या पट्ट्याच्या कडेला बसलेल्या बाया शंका आलेला प्रत्येक पारदर्शक माल बाजूला काढून मावशीपुढे ठेवत. मावशी त्याचा तुकडा कापून चिमट्यात धरायची, स्पिरिटच्या दिव्यावर पेटवायची, फुंकर मारून विझवायची आणि धूर हाताने नाकाकडे ओढून निकाल द्यायची. तिच्या निकालांची भाषा तिची स्वतःची होती. पिशव्यांचं प्लास्टिक म्हणजे 'मेणबत्ती'. नायलॉन म्हणजे 'केस'. थर्माकोलच्या जातीचं ते 'झेंडू'. बाटलीचं म्हणजे 'गोड'. आणि पीव्हीसी म्हणजे 'सुई', कारण ते नाकात टोचतं.

त्या स्टुलावर बसायच्या आधी तिने नऊ वर्षं टाकीवर काढली होती. कॉस्टिकने तिच्या बोटांची कातडी सोललेली होती, नखं निम्मी उरली होती. "ह्या हातानं भाकरी थापते तर पिठाला झोंबत आसल," ती म्हणायची आणि हसायची. मला तेव्हा त्यात हसण्यासारखं काही दिसत नसे.

पहिल्याच आठवड्यात तिने मला बाजूला बसवलं. "शिकलेली हायस ना? मंग नाकाला बी शिकव जरा." एकामागून एक धूर हुंगवले. पाचव्याला मी शेडच्या मागे जाऊन ओकले. परत आले तर तिने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "नाक चांगलं हाय पोरीचं. ज्याला घाण वाटते तोच हितं कामाचा. ज्याला नाय वाटत त्यानं गोठा साफ करावा."

तिला घाण फार वाटायची, हीच तिची गंमत. कचऱ्यात जन्म घालवलेली माणसं कचऱ्याला सरावतात असं आपण सोयीने समजतो. मावशी एक दिवसही सरावली नाही. जेवायच्या सुट्टीत ती कोपरापर्यंत हात साबणाने घासायची, ते हुंगून बघायची, पुन्हा घासायची, आणि डबा घेऊन वारा कुठून येतो ते पाहून फाटकाबाहेर जाऊन बसायची. ऑफिसातल्या कुणी अंगाला सेंट मारला असला तर ती तोंडावर सांगायची, "आंघोळ करा की, झाकता कशाला?" डब्यात बहुतेक वेळा सुकट. मी एकदा म्हटलं, मावशी, इतक्या नाकाच्या तुम्ही, आणि सुकटीचा वास कसा चालतो? ती माझ्याकडे वेड्याकडे बघावं तशी बघायला लागली. "सुकटीला वास कुठं आसतो? ती भूक आसते."

आमच्या शेठना मावशीचा भारी अभिमान. शेठ म्हणजे कारखान्याचे मालक, माणूस वाईट नव्हे, पण पाहुणे आले की त्यांच्या अंगात यायचं. भिंतीवर एकमेकांचा पाठलाग करणारे तीन हिरवे बाण रंगवून घेतले होते. त्यांच्यापुढे उभं राहून ते चक्राकार अर्थव्यवस्थेवर भाषण ठोकायचे. बाटलीची पुन्हा बाटली होते, काही वाया जात नाही, सगळं गोल फिरतं. एकदा मावशीने मला हळूच विचारलं, "गोल फिरतं, तर पुढं कुठं जातं?" मी म्हटलं, कुठेच नाही, परत इथेच येतं. "मंग घाण्याच्या बैलासारखं की," ती म्हणाली आणि पुढचा तुकडा कापायला घेतला.

भाषणानंतर पाहुण्यांना मावशीचा खेळ दाखवला जाई. नाकाला रुमाल लावलेली माणसं तिच्याभोवती कोंडाळं करून मोबाईल धरत, आणि ती एकेक तुकडा हुंगून सांगत असे. मला ते बघून लाज वाटायची. तिला वाटत नसे, निदान ती तसं म्हणाली नाही. एकदा कर्जतजवळच्या कुठल्याशा रिसॉर्टच्या मालकीणबाई आल्या होत्या. तागाचे कपडे, गळ्यात बियांची माळ. आमच्याकडे साधं प्लास्टिक चालतच नाही, आमच्या पिशव्या मातीत विरघळतात, असं त्या सारखं सांगत होत्या. मावशीने त्यांच्याच हातातल्या पिशवीची कडा कात्रीने कातरली, पेटवली, विझवली, हुंगली.

"मेणबत्ती," ती म्हणाली.

"म्हणजे?" बाईंनी विचारलं.

"म्हंजी ही साधी पिशवी हाय, ताई. हिरवा रंग दिलाय. ही माती नाय व्हायची. तुमी मराल, आमी मरू, ही ऱ्हाईल."

बाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. शेठनी घाईघाईने चहा मागवला. त्या पिशव्या बाई पुढेही वापरत होत्या, कारण दर सोमवारी त्याच हिरव्या पिशव्यांत हाडं बांधून आमच्याकडे येत राहिली.

मग एका वर्षी पावसाळा संपता संपता निम्म्या कारखान्याला ताप आला. मावशी आठवडाभर घरी होती. परतली ती थोडी वाळून, पण स्टुलावर बसली आणि काम पहिल्यासारखं सुरू झालं. निकाल तेच, चूक नाही. फक्त एक गोष्ट बदलली होती, आणि ती माझ्या लक्षात यायला दीड महिना लागला. तिच्या डाव्या हाताला सुनंदा नावाची लग्न होऊन नुकतीच आलेली पोर झाकणं वेगळी करायला बसायची. पूर्वी मावशी धूर स्वतःकडे ओढायची. आता तिचा हात धूर सुनंदाकडे लोटायचा.

एक दिवस सुनंदा पाणी प्यायला गेली होती आणि मी तिथून चालले होते. मावशीने मला हाक मारली. "ये गं बाय, बस जरा." तिने एक तुकडा पेटवला, विझवला, आणि धूर माझ्या तोंडावर आला. मी तोंड वाकडं केलं.

"सुई," मावशी म्हणाली आणि तुकडा बाजूला टाकला.

"मावशी, तुम्ही हुंगलंच नाही."

तिने चिमटा खाली ठेवला. इकडेतिकडे पाहिलं. "तापात नाक गेलं, बाय. काय म्हंजी काय कळत नाय. सून घरात सुकट भाजते, करपते, मला पत्ता नाय. सुनंदाच्या तोंडाकडं बघून सांगते मी. सुईला तिच्या नाकाचा शेंडा वर चढतो. मेणबत्तीला नुसती डोळे बारीक करते. गोडाला तिला काय बी होत नाय."

"सुनंदाला ठाऊक आहे?"

"तिला वाटतं, म्हातारी खोडी काढते." मग आवाज आणखी खाली आणून म्हणाली, "कुणाला सांगू नको. मला परत टाकीत नाय जायचं." आणि तिने दोन्ही हात माझ्यापुढे उताणे धरले. त्यांच्यावर आत्ता कुठे कातडी धरायला लागली होती.

माझ्या डोक्यात लगेच उपाय आला होता, हे मला मुद्दाम नोंदवायचंय. तांब्याची तार तापवायची, प्लास्टिकला टेकवायची आणि परत ज्योतीत धरायची. पीव्हीसी असलं की ज्योत हिरवीगार होते. नाक लागतच नाही. मावशीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता, पण तो हिरवा रंग तिलाही दिसला असता. मी तिला हे सांगितलं. तिचा चेहरा असा उजळला की मला वरमल्यासारखं झालं. "उद्या आणते," मी म्हटलं. तार लॅबच्या खणात होती. लॅब चाळीस पावलांवर होती. उद्या-उद्या करत तीन आठवडे गेले आणि ती तार खणातच राहिली. तीही पुन्हा आठवण करायला आली नाही. मागायची तिला सवय नव्हती.

त्यानंतर मोठे पाहुणे यायचे ठरले. आमच्या दाण्यापासून खाण्यापिण्याच्या बाटल्या करायच्या की नाही, हे ते बघून ठरवणार होते. दोन दिवस शेड धुतली. कुजक्या वासावर गुलाबाचा फवारा मारला, त्यामुळे आता कुजक्या गुलाबांचा वास येऊ लागला. आणि त्या सकाळी, कारखाना सुरू झाल्यापासून पहिल्यांदा, प्रत्येकीला नवाकोरा मास्क आणि गॉगल मिळाला. एरवी बाया त्या घाणीत उघड्या तोंडाने मरायच्या, त्याचं कुणाला काही नव्हतं. पाहुण्यांना दिसायला मास्क हवा होता. मावशीने तेवढा हुंगताना खाली घ्यायचा, असं शेठनी बजावलं.

पाहुणे मावशीभोवती उभे राहिले. मी फाइल घेऊन त्यांच्या मागे. आलेल्या मालातून सुनंदाने पारदर्शक डब्यांचं एक अख्खं पोतं बाजूला काढून मावशीपुढे ठेवलं होतं. मावशीने तुकडा कापला, पेटवला, विझवला, नाकापुढून नेल्यासारखं केलं आणि धूर डावीकडे लोटला. मग तिने डावीकडे पाहिलं. सुनंदाच्या कपाळाखाली गॉगल होता आणि गॉगलखाली पांढरं फडकं. मावशी क्षणभर त्या फडक्याकडेच बघत राहिली.

"गोड," ती म्हणाली.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र नाकात सुई लागली होती. तिनेच शिकवलेलं नाक माझं, मला चांगलं कळलं होतं. पण पाहुण्यांसमोर तिला खोटं कसं पाडायचं, ते गेले की हळूच पोतं बाजूला काढू, असा मी शहाणा विचार केला. तेवढ्यात शेठनी मला पाहुण्यांबरोबर जेवायला नेलं, आकडे समजावून सांगायला. पनीर होतं, गुलाबजाम होते. मी दोन खाल्ले. परत आले तेव्हा पोतं दळून, धुऊन पुढे गेलं होतं.

पाहुण्यांच्या गाड्या फाटकातून बाहेर पडल्या आणि मशीनमधून वितळलेल्या प्लास्टिकचे तपकिरी दोरे यायला लागले. मग तो धूर. डोळ्यांत, घशात, छातीत. माणसं एकमेकांना ढकलत बाहेर पळाली. सुनंदा रस्त्याकडेला बसून ओकत होती. तो नवाकोरा मास्क तिने हातात घट्ट धरला होता. मावशी सगळ्यांत शेवटी बाहेर आली, कारण तिला कुणीतरी ओढून आणेपर्यंत पळायचं कशासाठी तेच कळलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती विचारत होती, "काय जळलं गं? काय जळलं?"

दुसऱ्या दिवशी शेठच्या केबिनमध्ये चौकशी झाली. पोतं सुनंदाने काढलेलं म्हणून आधी तिच्यावरच आलं. मावशीला माल दाखवताना तिने सरमिसळ केली असणार, तिला काढून टाकू, असं शेठ म्हणाले. सुनंदा रडायला लागली. तेव्हा मावशी पुढे झाली.

"पोरीचं काय बी नाय. गोड मी बोलले. माझं नाक गेलंय, शेठ. तापात गेलं. दोन महिने हिच्या तोंडाकडं बघून सांगते मी. काल तुमी तिचं तोंड बांधलंत."

शेठ आधी हसले. त्यांना खरंच वाटेना. मग मी तारेचं सांगितलं. मावशी अजूनही स्टुलावर बसून काम करू शकेल, मी शिकवते, असं म्हटलं. मला वास आला होता आणि मी गप्प बसले, हे मात्र सांगितलं नाही. शेठनी सगळं नीट ऐकून घेतलं. पुढच्या वर्षी प्रकाश टाकून प्लास्टिक ओळखणारं मशीन येणारच आहे, ते म्हणाले, तोवर तारेचं काम लॅबनेच करावं, जबाबदार माणूस हवा. म्हणजे मी. मावशीला काही ते काढून टाकणार नव्हते, जुनं माणूस होतं. त्यांनी थोडा विचार केला आणि त्यांचा चेहरा खुलला. "मावशी, तुम्हाला वास येत नाही ना? मग पिवळ्यांवर उभ्या राहा. तासातासाला बाया बदलायची कटकट गेली."

यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. उलट आपण तिची सोय केली, असं त्यांनी दोघातिघांना सांगितलं. मी स्टुलावर बसले. तार तापवून पाहिली. ज्योत सुरेख हिरवी होत होती.

मावशी पिवळ्यांवर अख्खी पाळी उभी राहू लागली. झाकण फिरवायचं, पिंपात ओतायचं, बाटली मागे फेकायची, पुढची घ्यायची. शिंतोडे अंगावर उडत, ते पुसायला ती थांबत नसे. मुकादम इतर बायांना तिचं उदाहरण द्यायचा. जेवायला ती आता फाटकाबाहेर जात नसे. तिथेच पिंपाच्या कडेला डबा उघडायची. हात धुवायची, पण हुंगून बघायची नाही. सुनंदा तिच्याजवळ जायची, सुरुवातीला रोज, मग कधीतरी.

मी पुढे सहा महिन्यांनी नोकरी सोडली. दुसरीकडे मिळाली, एसी लॅब, पांढरा कोट. शेवटच्या दिवशी सगळ्यांचा निरोप घेऊन मी मागे मावशीकडे गेले. वारा माझ्याकडेच येत होता. मनात बरंच काही बोलायचं ठरवलं होतं, त्या पोत्याचं सांगून टाकायचं होतं, पण तिच्याजवळ पोचेपर्यंत माझा सगळा जीव श्वास धरण्यात गेला होता.

"जातेस व्हय?" ती म्हणाली. "चांगलं झालं." मग तिने हातातली बाटली खाली ठेवली. "बाय, एक खरं सांगशील? सून हल्ली माझं ताट पडवीत वाढते. म्हनते, आत उकडतं. नात माझ्याजवळ निजायची, ती बी आता आईकडं जाते. मी दोनदा साबणानं अंग धुते बघ, डोक्यावरून घेते. मला तर काय कळत नाय. मला वास येतो का गं?"

"नाही, मावशी," मी म्हटलं. "काही येत नाही."

ती माझं बोलणं ऐकतच नव्हती. दोन पावलं पुढे आली आणि डोळे बारीक करून माझ्या नाकाच्या शेंड्याकडे, ओठांकडे बघत उभी राहिली. मी चेहरा जितका सरळ ठेवता येईल तितका ठेवला.

"बरं," ती म्हणाली. मग आली होती त्याहून दोन पावलं जास्तच मागे सरकली, आणि तिने पुढची बाटली उचलली.